सीआरजे-७००मध्ये माल पुढे ठेवायचा की मागे? आधी प्रवासी बसवा

एकाने विचारलेला प्रश्न असा आहे. घरच्या सिम्युलेटरवर सीआरजे-७०० हे सत्तरेक आसनांचं छोटं जेट घेतलं, ५८ प्रवासी आणि ९०० किलो माल. पुढच्या होल्डमध्ये (माल ठेवायच्या कप्प्यात) साडेचारशे, मागच्या होल्डमध्ये साडेचारशे, अगदी निम्मा-निम्मा. प्रवासी बहुतेक पुढच्या रांगांत. टेकऑफला व्हीआर, म्हणजे नाक उचलायचा वेग, आल्यावर स्टिक ओढली तर नाक जागचं हललं नाही. आणखी पंधरा-वीस नॉट वेग वाढल्यावर मात्र विमान एकदम उसळलं. दुसऱ्या दिवशी प्रवासी न घेता सगळा माल मागे टाकून पाहिला, तर ते पार्किंगमध्येच शेपटीवर बसलं. "माल समान वाटूनही नाक जड का? आणि ट्रिम वाढवून भागेल का?" (ट्रिम म्हणजे आडव्या शेपटीचा आधीच लावून ठेवलेला कोन.)

मी मुंबई विमानतळावर बरीच वर्षं लोड कंट्रोलचं काम केलं आहे, म्हणजे लोडशीट (वजनाचा कागद) आणि ट्रिमशीट (तोलाचा कागद) बनवणं. घरी सिम्युलेटरही उडवतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

नाक जड झालं ते माल समान वाटल्यामुळेच. निम्मा पुढे, निम्मा मागे हा हिशोब डोक्याला पटतो, कारण आपण विमान दोन्ही बाजूंना सारखं असलेल्या तराजूसारखं धरून चालतो. सीआरजे तसं नाही. त्याची दोन्ही इंजिनं शेपटीजवळ आहेत. एवढं वजन मागे असल्यामुळे पंखही मागे सरकवावे लागले. म्हणून खिडकीतून पाहिलं तर केबिनचा बराच मोठा भाग पंखांच्या पुढे येतो. रिकामं असताना हे विमान मागे जड असतं आणि प्रवासी बसायला लागले की पुढे जड होत जातं. मागच्या होल्डमधला माल हा त्या प्रवाशांचा तोल सांभाळणारा भार आहे. तुम्ही त्यातला निम्मा काढून पुढे ठेवलात, म्हणजे प्रवाशांच्याच पारड्यात टाकलात.

गावाकडे ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हे समजवावं लागत नाही. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरलं की सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. गाडीवान पोती मोजून पुढे-मागे सारखी लावत नाही. आधी काय भरलं आहे ते पाहतो, दांडी हाताने उचलून बघतो आणि मग पुढचं पोतं कुठे ठेवायचं ते ठरवतो. तुमच्या सीआरजेला हीच पद्धत लागू आहे. आधी माणसं बसवायची, मग दांडी उचलून बघायची, म्हणजे गुरुत्वमध्य कुठे आला ते पाहायचं, आणि त्यानंतर माल.

आता तुमचेच आकडे घेऊ. सीआरजे-७००चं उडवण्यासाठी तयार पण रिकामं वजन साधारण २०,०७० किलो धरा. ५८ प्रवासी, भारतातल्या प्रमाण वजनाने प्रत्येकी ७५ किलो, हातातल्या सामानासह, म्हणजे ४,३५० किलो. माल ९००. बेरीज २५,३२० किलो. हे झालं झीरो फ्युएल वेट, म्हणजे इंधन सोडून वजन. त्याची कमाल मर्यादा २८,२५९ किलो आहे, त्यामुळे तिथे चिंता नाही. त्यावर साडेतीन हजार किलो इंधन घेतलंत तर टेकऑफला २८,८०० किलोच्या आसपास. कमाल टेकऑफ वजन ईआर (लांब पल्ल्याच्या) प्रकारात ३४,०१९ किलो. म्हणजे वजनाच्या बाबतीत तुम्ही कुठेही चुकलेला नाहीत, पाच टन शिल्लक ठेवून उडताय. तरीही विमान ऐकत नव्हतं. वजन किती आहे याइतकंच ते कुठे आहे यालाही महत्त्व असतं, ते असं.

सरकवलेल्या मालाने किती फरक पडतो ते मोजता येतं. समजण्यापुरतं धरू की दोन होल्डच्या मध्यांमधलं अंतर १३ मीटर आहे आणि पंखाची सरासरी रुंदी, म्हणजे मीन एरोडायनॅमिक कॉर्ड, ३.२ मीटर. ४५० किलो पुढून मागे नेले, तर ४५० गुणिले १३ भागिले २८,८००, उत्तर ०.२० मीटर. गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर मागे सरकला. २० सेंटिमीटर म्हणजे कॉर्डच्या साधारण ६ टक्के. टेकऑफला गुरुत्वमध्य जिथे असायला परवानगी असते तो सगळा पट्टाच मर्यादित असतो, त्यात ६ टक्के म्हणजे मोठी उडी. आणि ४५० किलो म्हणजे १५ किलोच्या फक्त ३० बॅगा. तीस बॅगा चुकीच्या दारातून आत गेल्या तर विमानाचा स्वभाव बदलतो.

प्रवाशांचंही तसंच. चार जणांना तिसऱ्या रांगेतून पंधराव्या रांगेत नेलं, तर ३०० किलो साधारण साडेनऊ मीटर मागे गेले. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर सरकला, म्हणजे सुमारे ३ टक्के. रिकाम्या जागा असलेल्या छोट्या जेटमध्ये हवाई सुंदरी येऊन "आपण टेकऑफपुरतं मागच्या रांगेत बसाल का" असं विचारते, त्यामागे हे गणित असतं. अशा वेळी प्रवासी कधी कधी नाराज होतात, त्यांना वाटतं आपल्याला चांगल्या जागेवरून उठवलं. मला नेहमी वाटतं, त्यांना एका वाक्यात खरं कारण सांगावं.

नाक उठलं नाही आणि मग उसळलं, याचं कारणही इथेच आहे. रोटेशनच्या, म्हणजे नाक उचलण्याच्या, क्षणी विमान मुख्य चाकांवर टेकलेलं असतं आणि चाकांच्या पुढचं वजन शेपटीला खाली दाबून उचलावं लागतं. गुरुत्वमध्य जितका पुढे तितकी ही दांडी लांब, म्हणजे शेपटीला जास्त जोर हवा. शेपटीचा जोर वेगाबरोबर वाढतो. तुमच्या व्हीआरला तो पुरेसा नव्हता. आणखी पंधरा-वीस नॉटने पुरला. तोवर तुम्ही स्टिक पूर्ण ओढून धरली होती, म्हणून उचललं तेव्हा ते झपकन उचललं. त्यात भर म्हणून ट्रिम बहुधा दुसऱ्या गुरुत्वमध्यासाठी लावलेलं असणार.

खऱ्या आयुष्यात हे घडलं आहे, आणि सीआरजेच्याच घराण्यात. सीआरजे ज्या चॅलेंजर बिझनेस जेटवरून विकसित झालं, त्या चॅलेंजर ६००चं एक विमान २ फेब्रुवारी २००५ रोजी न्यू जर्सीतल्या टेटरबोरो विमानतळावरून निघालं. गुरुत्वमध्य पुढच्या मर्यादेच्याही पुढे होता. वैमानिकाने ओढलं, नाक उठलं नाही. टेकऑफ सोडून देईपर्यंत धावपट्टी संपत आली होती. विमान कुंपण तोडून, हमरस्ता ओलांडून समोरच्या गोदामात घुसलं. विमानातलं कुणी दगावलं नाही, हे नशीब. सिम्युलेटरमध्ये तुम्हाला पुढे आणखी धावपट्टी होती म्हणून उसळी मिळाली, नाहीतर तुमची गोष्टही तीच होती.

"ट्रिम वाढवून भागेल का?" नाही. ट्रिम मर्यादेच्या आतल्या गुरुत्वमध्यासाठी असतं. मर्यादेबाहेर गेलेला भार ट्रिमने आत येत नाही, तो फक्त हाताला काही वेळ कमी जाणवतो. क्रम उलटा ठेवा: आधी भार मर्यादेत आणा, मग त्या गुरुत्वमध्याला जो आकडा येतो तोच ट्रिममध्ये लावा. डिस्प्लेवर ट्रिमचा हिरवा पट्टा दिसतो, त्याच्या बाहेर ट्रिम ठेवून थ्रस्ट वाढवला तर टेकऑफ कॉन्फिगरेशनची सूचना वाजते. पण हिरव्या पट्ट्यात कुठेही ठेवलं की झालं, असं समजू नका. पट्ट्याच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला विमान फार वेगळं उचलतं.

आता मागच्या बाजूचा धोका, कारण तुम्ही माझं ऐकून सगळं मागे भराल अशी मला भीती आहे. मागे जड झालेलं विमान वाईट लागत नाही, उलट सुरुवातीला बरं वाटतं. स्टिक हलकी, नाक लगेच उठतं, इंधनही थोडं कमी जळतं, कारण शेपटीला कमी खाली दाबावं लागतं. म्हणूनच ते जास्त फसवं आहे. मर्यादा ओलांडली की नाक आपण न ओढताही वर जायला लागतं, टेकऑफला शेपटी घासू शकते, आणि हवेत हलकासा धक्का बसला तरी विमान आपोआप पूर्वपदावर येत नाही. त्यात सीआरजेचं शेपूट टी आकाराचं आहे. अशा विमानाचा स्टॉल, म्हणजे पंखांची उचल निघून जाणं, खोल गेला तर पंखांमागची विस्कटलेली हवा थेट वरच्या आडव्या शेपटीवर येते आणि नाक खाली आणण्याचं साधनच निकामी होतं. ब्रिटनमध्ये बीएसी वन-इलेव्हन या मागे इंजिनं आणि टी-शेपूट असलेल्या जेटचा पहिला नमुना २२ ऑक्टोबर १९६३ रोजी स्टॉलच्या चाचण्यांमध्ये असाच पडला, आतले सातही जण गेले. सीआरजेमध्ये स्टिक आपोआप पुढे ढकलणारा स्टिक पुशर दिलेला आहे तो या प्रकारच्या स्टॉलपासून विमानाला दूर ठेवण्यासाठी. तुम्ही भार मागे टाकून त्या पुशरचं काम अवघड करू नका.

शेपटीवर बसलेल्या विमानाचं कारणही आता स्पष्ट होईल. जमिनीवर विमान मुख्य चाकांवर तोललेलं असतं. प्रवासी नाहीत, म्हणजे पुढचं पारडं रिकामं. मागे इंजिनं आणि त्यात मागचा होल्ड भरलेला. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे गेला की नाकाचं चाक उचललं जातं. रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, म्हणूनच चढवण्या-उतरवण्याचा क्रम सांभाळतात. एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानाच्या शेपटीखाली तर दांडा लावलेला तुम्ही पाहिला असेल, त्याचं प्रवाशांचं दार मागे असल्यामुळे ही काळजी आणखी जास्त. सिम्युलेटरमध्ये रिकामी फेरी करायची असेल तर मागे माल टाकूच नका, किंवा मोजका पुढच्या होल्डमध्ये ठेवा.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो. पावसाळ्यातली संध्याकाळ, एक छोटं जेट, ४६ प्रवासी, बहुतेकांनी पुढच्या जागा घेतलेल्या. त्या काळी मी ट्रिमशीट हाताने काढायचो. कागदावर वरून खाली आडव्या पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टी विमानाच्या एका भागाची. पेन्सिलची रेघ वरच्या आकड्यापासून खाली सोडायची. पुढच्या केबिनच्या पट्टीत रेघ डावीकडे सरकते, मागच्या होल्डच्या पट्टीत उजवीकडे, आणि शेवटी खालच्या आलेखातल्या चौकटीत येऊन ती थांबली पाहिजे. त्या दिवशी माझी रेघ पुढच्या केबिनमुळे डावीकडे खूप गेली होती, आणि मागच्या होल्डमधल्या ६२० किलोंनी तिला परत चौकटीत आणलं होतं. कागद सही होऊन गेला. मग रॅम्पवरून लोडिंग रिपोर्ट वाचून दाखवला गेला: "मागे तीनशे, पुढे तीनशे वीस." मागच्या दाराशी पाणी साचलं होतं म्हणून पोरांनी निम्म्या बॅगा पुढे टाकल्या होत्या. बेरीज बरोबर होती, ६२०च. मी पेन्सिल घेऊन नव्याने रेघ सोडली. ती चौकटीच्या बाहेर, डाव्या बाजूला पडली. पुशबॅक, म्हणजे विमान मागे ढकलणं, थांबवला, ओल्या बॅगा एकेक करून मागे नेल्या, बारा मिनिटं उशीर झाला. आमचे सिनियर शेजारी उभे होते. त्यांनी जुना कागद फाडला नाही. नव्या कागदाच्या खाली ठेवून दोन्ही फाइलला लावायला सांगितलं. तेव्हापासून लोडशीटमधली बेरीज जुळली या कारणावर मी कधी सही केली नाही, कुठल्या होल्डमध्ये किती हे ऐकल्यावरच केली.

तुमच्या सिम्युलेटरमध्ये ही पेन्सिलची रेघ कोण काढतं ते ओळखा. एरोसॉफ्टच्या सीआरजेसारख्या विमानाला स्वतःचं टॅब्लेट असतं, त्यात प्रवासी आणि माल भरला की गुरुत्वमध्य आणि ट्रिम मिळतं. तसं असेल तर फक्त तिथूनच भरा. टॅब्लेटमध्ये एक आणि सिम्युलेटरच्या मुख्य मेनूत दुसरं, असं कधीही करू नका. दोन्हीकडे हात लावला की आकडा कुठला खरा हे कळत नाही आणि ट्रिम चुकतं. एक्स-प्लेन ११ वापरत असाल तर लक्षात घ्या की त्यात मालाच्या वजनाची पट्टी आणि गुरुत्वमध्याची पट्टी वेगवेगळ्या आहेत. वजन वाढवलं म्हणून गुरुत्वमध्य आपोआप सरकत नाही. तो तुम्हीच हिशोब करून सरकवायचा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये वजन जागेजागेवर टाकता येतं, पण प्रत्येक जागा एक बिंदू असते. पूर्ण होल्डभर पसरलेला माल तिथे एकाच ठिकाणी धरला जातो, एवढा फरक मान्य करून चाला. आणि पट्टी सरकते म्हणून वाट्टेल तेवढं भरू नका. होल्डची स्वतःची कमाल वजनमर्यादा असते, ती विमानाच्या कागदपत्रांत पाहा, सिम्युलेटर तुम्हाला अडवेलच असं नाही.

सिमब्रीफ या संकेतस्थळावरून उड्डाण आखत असाल तर तिथून एकूण प्रवासी, एकूण माल आणि झीरो फ्युएल वेट मिळतं. होल्डची वाटणी तुमच्याकडेच राहते. तिथे बॅगांचं वजन मालात धरलेलं आहे की प्रवाशांच्या वजनात, एवढं तपासा. अनेकांच्या बॅगा दोनदा मोजल्या जातात आणि टन-दीड टन जास्त घेऊन ते उडतात. युरोपातली उड्डाणं करताना प्रमाण वजनही वेगळं आहे, तिथे मोठ्या विमानांसाठी प्रौढ प्रवासी सर्वसाधारणपणे ८४ किलोचा धरतात. प्रमाण वजनाची चूक किती मोठी होऊ शकते याचं एक उदाहरण जुलै २०२०मधलं आहे. बर्मिंगहॅमहून निघालेल्या एका बोइंग ७३७मध्ये "मिस" लिहिलेल्या ३८ प्रौढ स्त्रिया संगणकाने मुली समजून मोजल्या, आणि लोडशीटवरचं वजन खऱ्यापेक्षा १,२४४ किलोंनी कमी आलं. सुदैवाने उड्डाण सुरक्षित झालं.

तर तुमच्या ५८ प्रवाशांचं काय करायचं? पुढच्या रांगांत दाटी असेल तर आधी त्यांना केबिनभर पसरवा. गुरुत्वमध्य वाचा. मग ९०० किलो मागच्या होल्डमध्ये टाकून पाहा, त्याच्या मर्यादेत बसत असतील तर. पुन्हा वाचा. मागच्या मर्यादेकडे फार सरकलं असेल तर शंभर-शंभर किलो पुढे आणत पट्ट्याच्या मधोमध या. नंतर इंधन भरून टेकऑफचा आकडा पाहा, आणि इंधन जळून गेल्यावरचा लँडिंगचा आकडाही पाहा. सीआरजेचे पंख मागे वळलेले आहेत आणि मधली टाकीही आहे, त्यामुळे इंधन जळेल तसा गुरुत्वमध्य सरकतो. झीरो फ्युएल, टेकऑफ, लँडिंग, तिन्ही बिंदू चौकटीत हवेत. टेकऑफला बरोबर असलेला भार लँडिंगला बाहेर गेलेला मी कागदावर अनेकदा पाहिला आहे, आणि तो कागद तिथेच बदलायचा असतो.

सीआरजे-२००वर गेलात तर हा सगळा खेळ अजून अरुंद होतो, कारण त्याला मागचाच एक होल्ड आहे. वाटणी करायला काही नाही, हातात फक्त प्रवाशांच्या जागा. ५० प्रवासी आणि अगदी थोड्या बॅगा असल्या तर पुढे जड होतं, आणि तोल आणण्यासाठी मागे वाळूच्या पिशव्यांसारखं बॅलास्ट ठेवावं लागतं. एम्ब्रेअर १४५ही मागे इंजिनं, मागेच होल्ड, याच जातीचं. स्टार एअर ते कोल्हापूरकडच्या मार्गांवर उडवते, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण सिम्युलेटरवर तेच निवडतात. पण त्याच कंपनीचं ७६ आसनांचं ई-१७५ घेतलंत तर वर सांगितलेली "माल मागे" ही सवय तिथे जशीच्या तशी नेऊ नका. त्याची इंजिनं पंखांखाली आहेत, प्रवासी पंखांच्या दोन्ही बाजूंना बसतात आणि मजल्याखाली पुढे-मागे असे दोन होल्ड आहेत. तिथे पुढचा होल्ड रिकामा ठेवून सगळं मागे भरलंत तर तुम्हाला उलट तक्रार घेऊन यावं लागेल.

नव्या वाटणीने एक टेकऑफ करून पाहा आणि झीरो फ्युएल, टेकऑफ, लँडिंग, तिन्हींचे गुरुत्वमध्याचे टक्के आणि लावलेलं ट्रिम लिहून पाठवा. व्हीआरला नाक सेकंदाला साधारण तीन अंशांनी, हाताला एकसारखं जाणवत उठलं पाहिजे. तसं नसेल तर पुढच्या रांगांतली प्रवाशांची संख्याही कळवा, तिथूनच परत बघू.